सांधे दुखले म्हणून हृदय पाहावे

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथमच एक खुलासा करतो. आम्ही डॉक्टर नव्हेत. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि बँकेच्या काउंटरमागे जाऊन बसलो. तेव्हा आजच्या विषयावर आम्ही अधिकारवाणीने बोलतो आहोत असे कोणी समजू नये. जे सांगणार आहोत ते घरातल्या एका दुखण्यापायी वाचावे लागले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारावे लागले, त्यातून गोळा झालेले आहे. विषय कळविला तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलेही, की वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून हे हृदयाच्या फोटोचे काय काढलेत? त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण विनयपिटकातील ती कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कोणी त्याच्याकडे फिरकत नाही, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नाही. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजविले, आणि मग भिक्खूसंघाला बोलावून जाब विचारला. या कथेत आम्हाला नेहमी एक गोष्ट जाणवते. आजारी माणूस विहारातच होता. फक्त त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते.

आता घरातली गोष्ट. १९९६ साली आम्ही पारोळ्याला राहत होतो. आम्ही अकरावीला होतो आणि धाकटी बहीण अकरा वर्षांची. पावसाळ्यात तिचा घसा धरला, दोन दिवस ताप आला आणि गेला. घसा काय, त्या दिवसांत घरोघरी धरतो. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, हळद-दूध दिले, विसरून गेलो. दोन-तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच डावा घोटा, मग मनगट. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत होते. आजी म्हणाली, "वाढतं आंग शे, दुखस." आठवडाभराने गावातल्या डॉक्टरांकडे नेले. त्या भल्या माणसाने तिचे सांधे पाहिले, नळी लावून छाती बराच वेळ ऐकली आणि वडिलांना सांगितले, "हृदयाचा आवाज मला तरी स्वच्छ वाटतो. पण हा संधिवाताचा ताप दिसतो. धुळ्याला जाऊन इको करून घ्या. आणि दर तीन आठवड्यांनी हे इंजेक्शन चालू ठेवा." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

पारोळ्याहून धुळे एस.टी.ने तासाभराचे. पण आम्ही गेलो नाही. वडिलांचे म्हणणे असे, की डॉक्टरच म्हणतात आवाज स्वच्छ आहे, मग यंत्राला पैसे कशाला घालायचे? बहिणीला घेऊन जाण्याचे काम आमच्यावर सोपविले होते. आमची सहामाही होती, मग दिवाळी आली. इंजेक्शने वर्षभर दिली. सांधे पूर्ण बरे झाले, पोरगी शाळेत पळू लागली, तेव्हा तीही बंद केली. यात डॉक्टरांची काडीचीही चूक नव्हती. चूक घराची, आणि घरात शिकलेले म्हणून आमची.

पुढे तिचे लग्न झाले. २००७ साली ती पहिलटकरीण असताना पाचव्या महिन्यात तिला दम लागू लागला. आडवे झाले की खोकला, जिना चढला की धाप. सासरी म्हणत, अंगात रक्त नाही. रक्त होते. या वेळी मात्र इको झाला आणि कागदावर लिहून आले, की मायट्रल झडपेचे तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर. निरोगी माणसाचे चार ते सहा असते. म्हणजे मोठ्या दरवाजातून जाणारे रक्त एका फटीतून जात होते, आणि गरोदरपणात तेच रक्त जवळजवळ दीडपट होते. माहेरी तिच्या जुन्या कागदांत आम्ही काही शोधत होतो, तेव्हा दहावीच्या गुणपत्रिकेखाली ती ११ वर्षांपूर्वीची चिठ्ठी घडी घातलेली सापडली.

हे असे का होते ते जेवढे कळले तेवढे सांगतो. घसा धरण्याची कारणे पुष्कळ. बहुतेक वेळा विषाणूंमुळे धरतो आणि आपोआप बरा होतो. पण काही वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात असतात. शरीर त्यांच्याशी लढण्यासाठी जी फौज उभी करते, ती फौज काही मुलांच्या बाबतीत गफलत करते. जंतूची ठेवण आणि आपल्याच हृदयातील काही पेशींची ठेवण तिला सारखी वाटते, आणि ती घरच्याच माणसांवर चालून जाते. मग सांध्यांत सूज येते आणि हृदयातही दाह होतो. यालाच रुमॅटिक ताप म्हणतात. ५ ते १५ या वयात तो अधिक येतो. सांधे सुजतात, ते मात्र मागे काही खूण न ठेवता बरे होतात. हृदयाच्या झडपांना आलेली सूज तशी जात नाही. ती सुकताना झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, आणि पुन्हा घसा धरला की पुन्हा दाह, पुन्हा एक थर. दहा-पंधरा वर्षांनी माणूस दम लागतो म्हणून दवाखान्यात जातो, तोवर लहानपणचा गुडघा कोणाच्या लक्षातही नसतो.

हा रोग कोणाच्या घरी जातो? एका खोलीत सात-आठ माणसे निजतात तिथे. एकाच्या घशातले जंतू रातोरात दुसऱ्याच्या घशात जातात. युरोप-अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी मुलांत हा रोग भरपूर होता. तिथे घरे मोठी झाली, पुढे पेनिसिलिन आले, आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो का राहिला याचे उत्तर शोधायला वैद्यकाचे पुस्तक उघडायची गरज नाही, आपल्या वस्त्या पाहिल्या तरी पुरे. बाबासाहेबांची चार अपत्ये लहानपणीच गेली. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांचा तो संसार आपण पुस्तकांतून वाचलेला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हृदयाला दाह झाला आहे हे ओळखायचे कसे? ते छातीच्या पिंजऱ्यात बंद. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांनी एका तरुण स्त्रीची छाती तपासताना संकोचापोटी कागदाची सुरळी करून कानाला लावली आणि त्यातून नळीचा म्हणजे स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पुढची सव्वाशे वर्षे डॉक्टर हृदयरोग मुख्यतः कानाने ओळखत होते. झडप गळत असेल तर फुस्स असा आवाज, आकसली असेल तर खर्जातली घरघर. चांगला कान असलेला डॉक्टर आजही यातून पुष्कळ काही सांगतो. पण गळती बारीक असेल तर आवाजच होत नाही. आमच्या बहिणीच्या बाबतीत बहुधा हेच झाले. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. त्यांना ऐकू आले नाही आणि ऐकू न येणे म्हणजे नसणे नव्हे, हे त्यांना माहीत होते. म्हणून तर त्यांनी चिठ्ठी दिली.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्याने हृदयाची सावली दिसू लागली. हृदय फुगले आहे, डावा कप्पा मोठा झाला आहे, एवढे सावलीवरून कळते. परंतु झडप म्हणजे एक पातळ पडदा, तो क्ष-किरणात दिसत नाही. शिवाय सावली मोठी दिसू लागते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

मग झडप दिसली ती कशी? याची हकीकत विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावी. स्वीडन देशातील लुंड गावी इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. त्या काळी आकसलेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याची पद्धत नुकतीच रूढ होत होती. अडचण अशी, की झडप आकसलेली असेल तर शस्त्रक्रियेने गुण येई, पण ती गळकी असेल तर उलट अपाय होई. आणि बाहेरून दोहोंतला फरक खात्रीने सांगता येत नसे. एडलर यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारले, काही उपाय आहे का? हर्ट्झला ठाऊक होते, की मालमो येथील जहाजे बांधण्याच्या कारखान्यात पोलादी पत्र्यांत तडा आहे का हे पाहण्यासाठी एक यंत्र वापरतात. ते माणसाला ऐकू न येणारा अतिशय बारीक ध्वनी पत्र्यात सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. आपल्या उपासिका बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहतात, तडा असेल तर लगेच कळतो, तोच हिशेब. हर्ट्झने कारखान्यातले यंत्र स्वतःच्या छातीला लावून पाहिले. पडद्यावर काहीतरी हलताना दिसले. पुढे सीमेन्स कंपनीने तसलेच यंत्र उसने दिले. हर्ट्झचे वडील गुस्ताव्ह हर्ट्झ, १९२५ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरी, पूर्वी त्या कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख होते, ती ओळख उपयोगी पडली. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्या दोघांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद केली. १९७७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

हे यंत्र मुळात ज्या रोगासाठी शोधले गेले, तो म्हणजे आपल्या वस्तीतला हा रुमॅटिक झडपेचा रोग. आज इको म्हटले की लोकांना सधन माणसाचा हार्ट अटॅक आठवतो. जन्म मात्र असा झाला.

सुरुवातीला नुसत्या रेषा उमटत. सत्तरच्या दशकात हलते चित्र दिसू लागले, त्यालाच आपण टू-डी इको म्हणतो. ऐंशीच्या दशकात रंग आले. विद्यार्थी मित्रांना डॉप्लरचा नियम माहीत असेल. रेल्वेगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. भुसावळच्या फलाटावर उभे राहिले तर पुस्तक नको. तोच नियम वाहत्या रक्ताला लावला, की रक्त कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालले आहे हे कळते. यंत्राच्या दिशेने येणारे रक्त लाल दाखवितात, दूर जाणारे निळे. लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध, असा पुष्कळांचा समज होतो, आमचाही होता. तसे नाही, तो नुसता दिशेचा रंग आहे. झडप बंद असायला हवी त्या क्षणी रक्ताची धार मागे फिरली, तर पडद्यावर रंगांची भेसळ होऊन एक झोत दिसतो. कानाला जी गळती कळत नाही ती इथे डोळ्याला दिसते. आकसलेल्या झडपेची पाकळी वाकलेल्या गुडघ्यासारखी दिसते, टोक अडकलेले आणि मधला भाग फुगलेला. बहिणीच्या वेळी डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवून ती दाखविली होती.

कान आणि डोळा यांत किती फरक पडतो याचा हिशेब पुढे झाला. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिक या दोन देशांतील शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. नळीने तपासून हजारी दोन-सव्वादोन मुले सापडली, तीच मुले इकोने तपासली तेव्हा हजारी एकवीस आणि तीस. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी हरियाणातील बल्लभगड भागात ६,२७० शाळकरी मुले तपासली, ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. नळीने हजारी एकही पुरते नाही, इकोने हजारी वीस. आम्ही आकड्यांत आयुष्य घालविणारे. रोजमेळात एवढा फरक निघाला तर त्या दिवशी बँकेचे शटर खाली येणार नाही.

यानंतर डॉक्टरांचे नियमही बदलले. रुमॅटिक ताप ओळखण्यासाठी १९४४ साली डकेट जोन्स या अमेरिकन डॉक्टरांनी लक्षणांची एक यादी घालून दिली होती. तीत हृदयाचा दाह म्हणजे कानाला ऐकू आलेला दाह असाच अर्थ होता. २०१५ साली ती सुधारली. आता या तापाचा संशय असलेल्या प्रत्येक मुलाचा इको करावा, आणि आवाज नसला तरी इकोत दाह दिसला तर तो धरावा, असे त्यात आले. पारोळ्याच्या त्या डॉक्टरांनी १९९६ सालीच चिठ्ठीवर तेच लिहिले होते.

हृदयाच्या दाहाचे आणखी प्रकार आहेत, त्यांचा नुसता उल्लेख करतो. हृदयाभोवती एक पिशवी असते. क्षयाचे जंतू तिथे गेले की तिच्यात पाणी भरते. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली सुरईसारखी दिसते आणि इकोमध्ये ते पाणी सरळ दिसते, सुई कुठून घालावी तेही कळते. दुसरा प्रकार खुद्द हृदयाच्या स्नायूचा दाह. तो पुष्कळदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर होतो. त्यात इको कधी कधी साफ असतो. तिथे एम.आर.आय. कामाला येतो, स्नायूत सूज कुठे आहे, व्रण कुठे आहे हे तो दाखवितो. २००९ साली त्याचे निकष ठरले आणि २०१८ साली सुधारले. तापानंतर आठ-दहा दिवसांनी तरण्याताठ्या मुलाला छातीत दुखू लागले, धडधडू लागले, तर अशक्तपणा म्हणून टॉनिक देऊन घरी बसवू नये, एवढे लक्षात असू द्यावे.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. इकोत बारीकशी गळती दिसली म्हणजे रोग झालाच असे नाही. निरोगी मुलांतही थोडी गळती दिसते. खरी कोणती आणि निरुपद्रवी कोणती हे ठरविण्यासाठी जागतिक हृदय महासंघाने २०१२ साली निकष घातले आणि २०२३ साली त्यात सुधारणा केली. तेव्हा कागदावरचा एक इंग्रजी शब्द वाचून घरात रडारड करू नये. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे गावभर बोभाटा. मुलगी असली की तिच्यावर "हार्टवाली" असा शिक्का बसतो, मग सोयरीक जुळत नाही, म्हणून आईबाप कागद लपवितात, आणि कागद लपला की इंजेक्शनही बंद पडते. आमच्या ओळखीत असे घडलेले आहे. आपल्या समाजातील वधू-वर मेळाव्यांतून याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. वेळेवर इंजेक्शन घेणारी मुलगी संसार करू शकते, नोकरी करू शकते. न घेणारीच पाचव्या महिन्यात धाप लागून दवाखान्यात येते.

इंजेक्शनाबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण फोटो काढून भिंतीला लावायचा नसतो. हे बेंझाथिन पेनिसिलिन. फार जुने आणि स्वस्त औषध. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तिथे १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, लहानांना ६ लाख, आपल्याकडे साधारणतः दर २१ दिवसांनी. हे औषध बिघडलेली झडप दुरुस्त करीत नाही. ते पुन्हा घसा धरू देत नाही, म्हणजे नवा थर चढू देत नाही. हृदयाला धक्का नसेल तर निदान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्यापर्यंत, सौम्य दाह होऊन गेला असेल तर दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत, यांतले जे जास्त ते. झडप जास्त बिघडली असेल तर बहुधा जन्मभर. किती काळ ते डॉक्टरांनी ठरवायचे, सांधे दुखायचे थांबले म्हणून घरच्यांनी नव्हे.

नळीला न कळणारा, केवळ इकोत दिसणारा दाह या इंजेक्शनाने थांबतो का, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. त्याचे उत्तर आफ्रिकेतील युगांडा देशाने दिले. तिथे अशी ८१८ मुले घेतली, निम्म्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही, आणि दोन वर्षांनी सर्वांचा पुन्हा इको केला. इंजेक्शन न घेतलेल्या ४०० मुलांपैकी ३३ जणांचा रोग पुढे सरकला होता. घेतलेल्या ३९९ पैकी फक्त ३ जणांचा. हा निष्कर्ष २०२१ अखेरीस प्रसिद्ध झाला. आमच्या बहिणीच्या बाबतीत २५ वर्षे उशीर झाला, पण आज समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत झालेला नाही.

बहिणीचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात सहाव्या महिन्यात तिची झडप फुग्याने उघडली. जांघेच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवितात आणि चिकटलेल्या कडा सुटतात. ही रीत इनोऊ या जपानी शल्यचिकित्सकांनी काढली, १९८४ साली प्रसिद्ध केली. पोटावर शिशाचे कापड बांधले होते, बाळाला किरण लागू नयेत म्हणून. झडपेचे तोंड १.८ झाले. मुलगा आता बारावी होऊन गेला. तिला अजूनही दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन असते. तिचे कार्ड आम्ही पाहतो तेव्हा पासबुकासारखे वाटते, वर्षाला सतरा-अठरा नोंदी. एक चुकली तरी दिसते.

खर्चाबद्दल. २००७ साली आम्हाला कर्ज काढावे लागले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा पहिल्याच टप्प्यात होता. नोव्हेंबर २०१३ पासून ती जळगावसह सर्व राज्यात आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी अशा घरांना तिचा मोठा आधार झाला. मात्र ही योजना प्रामुख्याने दवाखान्यात दाखल होऊन करावयाच्या उपचारांची आहे. दाखल व्हायचे कारण आधी कागदावर यावे लागते आणि ते कागदावर आणतो इको. म्हणजे दार उघडे आहे, पण दारापर्यंतच्या रस्त्याचे हजार-दोन हजार गरिबाच्या खिशातून जातात, आणि तिथेच चिठ्ठ्या घडी होऊन पडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांतून दोनदा येतात, त्यांच्या आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे. पथक येईल त्या दिवशी आपल्या मुलाला शाळा बुडवू देऊ नका. आणि मुलाचे सांधे दुखले असतील तर ते पथकातील डॉक्टरांना स्वतः सांगा, कारण नळीला ऐकू येईलच असे नाही हे आपण पाहिले. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासूनचे आहे, जळगावचे २०१८ पासूनचे. पूर्वी जिल्ह्यात सोय नाही असे म्हणता येत होते.

मागच्या आठवड्यात वसतिगृहातील एका मुलीने विचारले, सर, इकोला दुखते का? नाही. सुई नाही, किरण नाहीत. डाव्या कुशीवर निजायचे, छातीला थंडगार मलम लावतात, त्यावर यंत्राचे टोक फिरवितात, अर्ध्या तासात होते. तिचा खरा प्रश्न वेगळा होता, तो आमच्या पत्नीने नंतर सांगितला. छाती उघडी करावी लागते. मुली याला घाबरतात आणि ते कारण सांगत नाहीत, परीक्षा आहे म्हणतात. तेव्हा सोबत आईने किंवा मावशीने जावे, आत बाई परिचारिका हवी असे आधीच सांगावे, वरून चादर मागावी. दवाखाने ते ऐकतात. इंजेक्शन मात्र दुखते. ते दाट असते, सावकाश द्यावे लागते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मांडी ठणकते. मुलाला दुखणार नाही असे खोटे सांगू नका, पुढच्या वेळी ते येणार नाही. काही डॉक्टर पेनिसिलिनची ॲलर्जी येईल या भीतीने ते देत नाहीत. अशी ॲलर्जी फार क्वचित येते, पण तिची तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यावे, म्हणून सरकारी दवाखान्यात जाणे चांगले.

संस्थेच्या कार्यकारिणीने या वर्षीच्या शिक्षण निधीतून काही रक्कम इकोसाठी बाजूला ठेवण्याचे मान्य केले आहे. ज्या घरात ५ ते १५ वर्षांच्या मुलाला तापासोबत सांधे सुजून दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरले असेल, मग ते आता बरे झालेले का असेना, त्यांनी मुलाचे नाव, वय आणि दुखणे कोणत्या महिन्यात आले एवढे एका कागदावर लिहून सभेनंतर सचिवांकडे द्यावे. नावे बाहेर जाणार नाहीत. धुळ्याला घेऊन जाण्यास ज्यांच्या घरी कोणी मोकळे नसेल, त्यांनी तसे लिहावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, आम्ही येऊ.

नमो बुद्धाय. जयभीम.